सोबत पुरावा जोडावा

फॉर्म तसा लहान असतो. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत तो आता ऑनलाइन भरायचा असतो : नाव, विद्यार्थी क्रमांक, विषय, पेपरची किंवा निबंध देण्याची तारीख. त्यानंतर तीन प्रश्न येतात. काय घडलं? कधी घडलं? आणि त्यामुळे नेमक्या या परीक्षेवर काय परिणाम झाला? शेवटी पुरावा जोडायची जागा.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन लिहून होतात. तिसऱ्यापाशी हात अडतो. वडील नाशिकला आयसीयूत आहेत आणि मुलगी लीड्समध्ये वसतिगृहाच्या खोलीत बसली आहे, अशी कल्पना करा. तिच्या अभ्यासावर काय परिणाम झाला हे वेगळं सांगायला हवं का? हवं. स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रातली माणसं आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा हेच समजावतात की काय घडलं त्यावर चार ओळी पुरे, पण त्या आठवड्यात तुला काय करता आलं नाही ते नीट लिही. किती रात्री झोप झाली नाही, कोणत्या तारखेला विमान पकडलं, कोणता धडा वाचायचा राहिला. संकट खरं असतं, पण पेपरच्या तारखेशी त्याचा सांधा जोडलेला नसतो, म्हणून अर्ज परत येतात.

या व्यवस्थेला काही विद्यापीठं मिटिगेटिंग सरकमस्टन्सेस म्हणतात, काही एक्सटेन्युएटिंग सरकमस्टन्सेस. मुलांच्या बोलण्यात ‘मिट सर्क’ किंवा नुसतं ‘ईसी’. अचानक कोसळलेल्या, स्वतःच्या हातात नसलेल्या अडचणीमुळे परीक्षा बिघडली किंवा चुकली, तर विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे सवलत मागायची, एका समितीने ती तपासायची आणि निर्णय परीक्षा मंडळाला कळवायचा. अनेक ठिकाणी परीक्षा मंडळाला फक्त ‘मान्य’ की ‘अमान्य’ एवढंच कळतं. गर्भपात, आईवडिलांचा घटस्फोट, घरातला मारहाणीचा प्रकार हे तपशील समितीच्या बाहेर जात नाहीत. ज्या प्राध्यापकाच्या तासाला उद्या बसायचं आहे, त्याच्यासमोर आपलं घर उघडं करावं लागत नाही. या एका गोष्टीचं मोल ज्यांनी महाविद्यालयाच्या खिडकीशी उभं राहून, मागे रांग असताना, क्लार्कला आपली अडचण सांगितली आहे त्यांना लगेच कळेल.

अर्ज मान्य झाला तर मिळतं ते मुख्यतः वेळेच्या रूपात. निबंधाला आठवडा-दोन आठवडे मुदतवाढ, उशिराबद्दल कापलेले गुण परत, किंवा पेपर पुढच्या फेरीत, बहुधा ऑगस्टमध्ये. तो पेपर ‘पहिला प्रयत्न’ म्हणून धरला जातो आणि सगळी मेख इथेच आहे. सवलत न मिळता नापास होऊन पुन्हा बसणाऱ्याचे गुण साधारणपणे उत्तीर्णतेच्या रेषेवर अडवले जातात. पदवीला ४०, पदव्युत्तरला ५०. पेपर ७२चा लिहिला तरी गुणपत्रिकेवर ५०च येतात. सवलत मिळालेल्याला ७२चे ७२. एका वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्या मुलामुलीसाठी हा फरक डिस्टिंक्शन आणि नुसतं उत्तीर्ण यांच्यामधला असू शकतो, म्हणजे पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचाही.

गुण मात्र सहसा वाढवून मिळत नाहीत. त्यामागचा युक्तिवाद असा की पदवी म्हणजे विद्यार्थ्याला काय येतं याची ग्वाही. त्याला काय येऊ शकलं असतं याचा अंदाज करायचा अधिकार कुणाला नाही. ब्रिटनच्याच शालेय परीक्षांत याच्या उलट रीत आहे. जीसीएसई आणि ए लेव्हलसाठी जेसीक्यू या परीक्षा मंडळांच्या संयुक्त संस्थेने एक कोष्टकच ठरवून दिलं आहे. परीक्षेच्या सुमारास जवळच्या कुटुंबीयाचा मृत्यू झाला तर त्या पेपरच्या एकूण गुणांच्या जास्तीत जास्त ५ टक्के वाढवून मिळतात. जवळच्या मित्राच्या किंवा लांबच्या नातेवाइकाच्या मृत्यूला ३ टक्के. पेपरच्या वेळच्या आजारपणाला २. डोकेदुखीला, किरकोळ गोंगाटाला १. दुःखाला टक्केवारी लावलेली पाहून पहिल्यांदा अंगावर काटा येतो. पण सोळा वर्षांच्या मुलाला ऑगस्टपर्यंत ताटकळत न ठेवता तिथल्या तिथे काही देता यावं, आणि लंडनच्या मुलाला जे मिळालं तेच डरहॅमच्या खाणगावातल्या मुलाला मिळावं, म्हणून ते कोष्टक आहे. लेखी नियम रुक्ष वाटतो खरा, पण दुबळ्याला त्याचाच आधार असतो.

आता याच फॉर्मपाशी महाराष्ट्रातून गेलेला विद्यार्थी बसवून पाहावा. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात त्याची आजी गेली. आईची आई. आईवडील दोघं नोकरी करणारे, म्हणून दहावीपर्यंत तो तिच्याकडेच वाढला. विद्यापीठाच्या नियमावलीत ‘जवळचं कुटुंब’ म्हणजे आईवडील, भावंडं, जोडीदार, मुलं. आजी-आजोबांचा उल्लेख असलाच तर नातं किती निकटचं होतं ते स्पष्ट करा, अशा अटीसह. आजीचं आडनाव त्याच्या आडनावाशी जुळत नाही, त्याच्या आईच्या आताच्या आडनावाशीही नाही. पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला हवा. आजी घरीच गेली. आधी डॉक्टरची चिठ्ठी, मग ग्रामपंचायतीत नोंद. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने ही नोंद करायला २१ दिवसांची मुदत दिली आहे, आणि शोकातल्या घरात त्या मुदतीची कुणाला घाई नसते. इकडे विद्यापीठाची अर्जाची मुदत मात्र अनेक ठिकाणी परीक्षेनंतर पाच-सात दिवसांचीच. डॉक्टरची चिठ्ठी मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, तेही प्रमाणित. घरात दहावं-तेरावं व्हायचं आहे, मामाला फोन करून ‘दाखला काढलास का’ असं विचारायचं कसं, हाही प्रश्न असतो.

तेरा दिवसांच्या या मुदतीचा तर त्या फॉर्मशी मेळच बसत नाही. ब्रिटिश विद्यापीठाच्या डोळ्यांसमोर असतो तो एका दिवसाचा अंत्यविधी. त्याची छापील पत्रिका पुरावा म्हणून चालते, असं अनेक नियमावल्यांत लिहिलेलं सापडतं. दशक्रिया विधीचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप चालेल का, हे मात्र विचारावं लागतं, आणि उत्तर देणाऱ्या माणसावर बरंच अवलंबून असतं. समजूतदार सल्लागार अशा वेळी एकच मार्ग दाखवतो : अर्ज आज भर, ‘पुरावा मागाहून पाठवतो’ असं त्यात लिही. बहुतेक विद्यापीठं हे स्वीकारतात. पुरावा हातात येईपर्यंत थांबणाऱ्याचा अर्ज मुदतीबाहेर जातो आणि मग उशीर का झाला याचंच स्पष्टीकरण द्यावं लागतं.

आजीच्या मृत्यूवरचा अविश्वास तर जुना आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातले प्राध्यापक माइक अ‍ॅडम्स यांनी १९९०मध्ये, परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या आज्या मरतात, अशा आशयाचा एक विनोदी लेख लिहिला. तो जगभरच्या स्टाफरूममध्ये फिरला, अजून फिरतो. विनोद म्हणून तो असेलही बरा. पण त्यातून तयार झालेली नजर घातक आहे. अठरा ते पंचवीस हे वयच असं आहे की आजी-आजोबा त्याच काळात जातात. शोकावर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्क यांच्या अंदाजानुसार कोणत्याही वेळी पदवीच्या वर्गातले २२ ते ३० टक्के विद्यार्थी कुणा जवळच्याच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षात असतात. साठ जणांच्या वर्गात म्हणजे तेरा ते अठरा जण. त्यातले बहुतेक काहीही मागत नाहीत.

न मागणाऱ्यांचाच प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. अनेक ब्रिटिश विद्यापीठांत ‘फिट टू सिट’ नावाचा नियम असतो : तुम्ही परीक्षेच्या खोलीत जाऊन बसलात म्हणजे ‘मी परीक्षा द्यायला ठीक आहे’ असं तुम्हीच जाहीर केलंत, नंतर तक्रार नाही. ताप आलेल्या मुलाला हा नियम लागू करता येतो. नैराश्याने ग्रासलेला, तीन आठवडे खोलीबाहेर न पडलेला, आणि तरी सवयीने, भीतीने किंवा घरच्यांच्या लाजेने पेपरला जाऊन बसलेला विद्यार्थी स्वतः ठीक आहे की नाही हे ठरवण्याच्या अवस्थेतच नसतो. आजारपण त्याची हीच क्षमता काढून घेतं. फॉर्म भरायला, ईमेलला उत्तर द्यायला, डॉक्टरची वेळ घ्यायला जी उमेद लागते, ती ज्याच्याकडे उरली आहे त्यालाच ही व्यवस्था नीट वापरता येते.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या नताशा अब्राहार्टच्या प्रकरणाने हे न्यायालयासमोर आणलं. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही वीस वर्षांची मुलगी अभ्यासात हुशार होती. लोकांसमोर बोलण्याची तिला विलक्षण धास्ती होती. प्रयोगशाळेतल्या कामानंतर तोंडी मुलाखती होत, त्यांतल्या काहींना ती गेलीच नाही, काहींत बोलू शकली नाही. तिला त्रास होतो आहे हे विभागातल्या लोकांच्या लक्षात आलं होतं. तरी मूल्यमापनाची पद्धत तीच राहिली. ३० एप्रिल २०१८ या दिवशी ३२९ आसनांच्या व्याख्यानगृहात गटाबरोबर सादरीकरण करायचं होतं. त्याच दिवशी तिने आपलं जीवन संपवलं.

आईवडील, रॉबर्ट आणि मार्गारेट अब्राहार्ट, न्यायालयात गेले. विद्यापीठाचं म्हणणं होतं की तोंडी समजावून सांगता येणं हीच मुळात तपासायची क्षमता आहे, आणि क्षमतेच्या कसोटीत कायद्याने बदल करावा लागत नाही. मे २०२२मध्ये ब्रिस्टलच्या काउंटी कोर्टाने ते मानलं नाही. भौतिकशास्त्र येतं का हे तपासायचं होतं. ते तोंडीच तपासायला हवं असं नव्हतं. लेखी प्रश्न पाठवता आले असते, छोट्या खोलीत घेता आलं असतं. समानता कायदा २०१०खाली अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला योग्य ते बदल करून देण्याचं कर्तव्य विद्यापीठाने पाळलं नाही, असा निकाल आला. विद्यापीठ अपिलात गेलं. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी हायकोर्टाचे न्यायमूर्ती लिंडन यांनी निकाल कायम ठेवला. त्यांच्या निकालातला एक धागा इथे फार महत्त्वाचा आहे : त्रास समोर दिसत असताना वैद्यकीय दाखल्याची वाट पाहत बसायची गरज नसते. विद्यापीठांवर विद्यार्थ्यांच्या काळजीचं सर्वसाधारण कायदेशीर कर्तव्य आहे का, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही. ते कर्तव्य कायद्यात लिहावं अशी मागणी शोकग्रस्त पालकांनी लाखाहून अधिक सह्यांनिशी केली होती. जून २०२३मध्ये त्यावर संसदेत चर्चा झाली, कायदा झाला नाही.

या निकालाने अर्जदारावरचा भार थोडा तरी संस्थेकडे सरकवला. तोवर सगळी भिस्त विद्यार्थ्याने तोंड उघडण्यावर होती.

फेटाळलेल्या अर्जाचं पुढे काय होतं, याचंही उत्तर ब्रिटनमध्ये आहे. विद्यापीठातल्या सगळ्या पायऱ्या संपल्या की विद्यार्थ्याला एक अंतिम पत्र द्यावं लागतं, आणि ते मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत त्याला ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅज्युडिकेटर, म्हणजे ओआयए या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. इंग्लंड आणि वेल्ससाठीची ही व्यवस्था २००४च्या उच्च शिक्षण कायद्यातून आली. विद्यार्थ्याला फी नाही, वकील लागत नाही. उत्तरपत्रिकेला किती गुण द्यायचे यात ओआयए हात घालत नाही, कारण कायद्याने तो विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. पण समितीने आपलेच नियम पाळले का, पुरावा नीट वाचला का, कारण दिलं का, हे ती तपासते. २०२४मध्ये तिच्याकडे ३,६००हून अधिक तक्रारी आल्या. परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण त्यांत मोठं असतं, आणि त्याचं कारण कळायला फार विचार करावा लागत नाही. पेपर ऑगस्टवर गेला तर ब्रिटिश विद्यार्थी उन्हाळ्याची नोकरी करत तयारी करतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्याचं सगळं गणित कोसळतं.

कारण त्याच्या पायाशी व्हिसा बांधलेला असतो. शिकताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. साठ दिवसांपेक्षा लांब सुट्टी घेतली तर विद्यापीठाला बहुधा त्याचं प्रायोजकत्व काढून घ्यावं लागतं, म्हणजे देश सोडायचा आणि नव्याने व्हिसा काढून यायचं. शिक्षणानंतर राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्यावरच मागता येतो, आणि तोही आधीचा व्हिसा संपण्याच्या आत. दोन वर्षांचा हा व्हिसा १ जानेवारी २०२७पासून, पीएचडी सोडता, दीड वर्षाचा होणार आहे. व्हिसाबरोबर आरोग्य सेवेसाठी वर्षाला ७७६ पौंड आधीच भरलेले असतात. तरीही विद्यापीठासाठी पत्र द्यायला स्थानिक डॉक्टर वेगळे पैसे मागू शकतो, कारण ते काम त्याच्या सरकारी करारात बसत नाही. गावाकडे बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज चालूच असतं. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर दरवर्षी जाणाऱ्या अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांपैकी कुणी असेल, तर शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली. म्हणून अर्जात खरं कारण लिहावं की गप्प राहून कसाबसा पेपर द्यावा, असा पेच या मुलांपुढे असतो, आणि पुष्कळ जण दुसरा रस्ता धरतात.

ही भीती जिथून आली ते आपलं घरच आहे, म्हणून तिकडे वळायला हवं.

महाराष्ट्रातल्या शिक्षणव्यवस्थेला संकट कळतं, यात शंका नाही. मात्र ते तालुक्याचं असावं लागतं. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत या ठरलेल्या यादीत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही होती. अतिवृष्टी झाली, लोकल बंद पडली की मुंबई विद्यापीठ पेपर पुढे ढकलतं. २०२०मध्ये कोविडमुळे तर राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षाच नकोत असा निर्णय घेतला, विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या घ्याच असं सांगितलं, आणि युवासेनेसह अनेक अर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला : आपत्तीच्या कारणाने राज्याला परीक्षा लांबवायला परवानगी मागता येईल, परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये अनेक विद्यापीठांनी, टाळेबंदीपूर्वीच्या गुणांच्या सरासरीखाली कुणाचा निकाल जाणार नाही, अशी हमी दिली होती. दोन देशांनी एकाच रोगापुढे घेतलेल्या या दोन भूमिका. दोन्हींवर वाद झाले. पण दोन्हीकडे संकट सगळ्यांचं होतं, म्हणून प्रश्न निदान विचारला तरी गेला.

बार्शीतल्या एका मुलीच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिला आणि तिचा पेपर तिसऱ्या दिवशी आहे, तर तिने कोणता फॉर्म भरायचा? तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला असेल तर तिची फी माफ आहे. पेपर मात्र माफ नाही, पुढेही जात नाही. महाविद्यालयाच्या पातळीवरच्या परीक्षेला काही ठिकाणी वैद्यकीय कारणाने जादा परीक्षा घेतात. खेळाडूंना, एनसीसी-एनएसएसच्या मुलांनाही ती मिळते. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेला मात्र बहुधा गुणपत्रिकेवर ‘गैरहजर’ लागतं आणि पेपर पुढच्या सत्रात जातो. मुंबईत म्हणतात केटी लागली, पुण्यात म्हणतात बॅकलॉग राहिला, आणि विषय जास्त झाले की वायडी. वडिलांच्या मृत्यूमुळे न दिलेला पेपर आणि अभ्यास न केल्यामुळे गेलेला पेपर यांच्यात गुणपत्रिका फरक करत नाही. नोकरीच्या जाहिरातीत ‘एकही बॅकलॉग नसावा’ अशी अट असते, तीही करत नाही.

चांगला प्राचार्य भेटला तर वाट निघते, हे खरं आहे. तशी माणसं गावोगावी आहेत आणि त्यांनी शेकडो मुलांची वर्षं वाचवली आहेत. पण ज्या मुलीला तसा प्राचार्य भेटला नाही तिचं काय, या प्रश्नाला व्यवस्थेकडे उत्तर हवं.

हजेरीचं प्रकरण याहून कडक. ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की यादी लागते, पालकांना बोलावणं येतं, हमीपत्र लिहून घेतलं जातं. वैद्यकीय दाखला जोडला तर सूट मिळू शकते. त्यामुळे आजारी नसलेल्यांनाही दाखला काढावा लागतो आणि खऱ्या आजाऱ्याच्या दाखल्याकडेही संशयाने पाहिलं जातं. दिल्लीतला कायद्याचा विद्यार्थी सुशांत रोहिल्ला याला हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं गेलं नाही. ऑगस्ट २०१६मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या मित्राच्या पत्राची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयाकडे गेलं आणि नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०२५मध्ये निकाल आला : हजेरी कमी आहे या कारणाने कायद्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखता येणार नाही, बार कौन्सिलने हजेरीच्या नियमांचा फेरविचार करावा. निकाल कायद्याच्या अभ्यासक्रमांपुरता आहे. वाणिज्य, अभियांत्रिकी, नर्सिंगच्या मुलामुलींना अजून जुनाच हिशेब लागू आहे.

न्यायालयांनी एकेक खिडकी उघडली, ती प्रत्येक वेळी कुणीतरी एकटं लढल्यामुळे. वंदना कंदारी या कायद्याच्या विद्यार्थिनीने २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गर्भारपणातल्या गैरहजेरीचा प्रश्न नेला आणि एकल न्यायपीठापुढे जिंकली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्यापीठांना विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेचे, हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितलं ते डिसेंबर २०२१मध्ये, तोवर एम.फिल., पीएच.डी.च्या संशोधक स्त्रियांना २४० दिवस मिळत होते, बी.ए.च्या लग्न झालेल्या मुलीला काही नव्हतं. केरळने २०२३मध्ये मासिक पाळीसाठी हजेरीत दोन टक्के सूट दिली. लिहिताना हात आखडणाऱ्या विकासकुमार या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणाऱ्या अवनी प्रकाश या मुलीच्या खटल्याचा निकाल आला. तिला लेखन अक्षमतेसाठी तासाचा जादा वेळ मिळायला हवा होता, परीक्षा केंद्राने तो दिला नाही आणि पेपर वेळेवर काढून घेतला. चूक केंद्राची होती, हे न्यायालयाने मान्य केलं. फेरपरीक्षा मिळाली नाही. झालेला अन्याय कसा भरून काढता येईल ते परीक्षा यंत्रणेने ठरवावं, असं सांगितलं गेलं. एवढ्यासाठीसुद्धा तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

अर्ज करून मिळालेला वेळ काय करू शकतो, याचं महाराष्ट्राच्या इतिहासातलं सर्वांत मोठं उदाहरण लंडनमधलंच आहे. भीमराव आंबेडकर १९१६च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परतावं लागलं. युद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं आणि सामान ज्या बोटीने येत होतं ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. करारानुसार बडोद्याला नोकरीवर गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. हे सगळं सोसताना त्यांच्याकडे एक गोष्ट होती : ऑक्टोबर १९१७पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, आणि १९२०मध्ये ते मुदतीच्या आत लंडनला पोहोचले. १९२१मध्ये एम.एस्सी., १९२३मध्ये डी.एस्सी. त्या परवानगीने त्यांचा एकही गुण वाढला नाही. उलट प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले आणि त्यांना तो पुन्हा लिहावा लागला. विद्यापीठाने दार तेवढं चार वर्षं उघडं ठेवलं होतं.

शिक्षकांचा आक्षेप यात डावलून चालणार नाही. सवलत सोपी केली की खोटे अर्ज येतात. ब्रिटनमध्ये कोविडच्या काळात पुराव्याशिवाय, स्वतःच्या शब्दावर आठवडाभराची मुदतवाढ देण्याची पद्धत पसरली. अर्ज इतके वाढले की काही विद्यापीठांनी वर्षाला दोन किंवा तीन वेळा अशी मर्यादा घातली. पण मर्यादा घालणं वेगळं आणि दार बंद करणं वेगळं. ब्रिटनमधल्या नोकरदाराला आजारपणात सात दिवसांपर्यंत डॉक्टरचा दाखला मागत नाहीत, त्याचा शब्द पुरतो. पगार देणारा मालक जेवढा विश्वास टाकतो, तेवढा विद्यापीठाने विद्यार्थ्यावर टाकायला हरकत नसावी. आणि खोटा दाखला विकत मिळतो तो पैसेवाल्याला. दाखल्याची सक्ती जितकी कडक, तितका तोटा ज्याच्या गावात डॉक्टरच नाही त्याचा. एखाद्या खोट्या अर्जाने एका मुलाला आठवडा फुकट मिळतो. खरा अर्ज फेटाळला गेला तर त्या मुलाचं वर्ष जातं, आणि कधी त्याहून बरंच काही.

आपल्याकडे सुरुवातीला फार खर्चाची गरजही नाही. प्रत्येक विद्यापीठाने एक पानाचा अर्ज, पाच-सात कारणांची स्पष्ट यादी, निर्णयाची मुदत आणि लेखी कारण देण्याचं बंधन एवढं ठरवलं, जवळच्या मृत्यूमुळे किंवा रुग्णालयात दाखल झाल्यामुळे चुकलेल्या पेपरला त्याच सत्रात दुसरी संधी दिली आणि गुणपत्रिकेवर तो ‘पहिला प्रयत्न’ म्हणून दाखवला, तर निम्मं काम होईल. नापासांची फेरपरीक्षा अनेक ठिकाणी होतेच; प्रश्नपत्रिकांचे दोन संचही काढलेले असतात.

तक्रारीची वाट मात्र आता कायद्यात आहे, आणि ती फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं, आणि त्याच्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. या साखळीची पहिली कडी म्हणजे विद्यार्थ्याने वेळेवर दिलेला लेखी अर्ज. तोंडी विनंती, सरांना केलेला फोन, ‘बघू’ असं मिळालेलं आश्वासन समितीपुढे उभं राहत नाही. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक कार्यालयात द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. पुरावा हाताशी नसेल तर ‘पुरावा पंधरा दिवसांत सादर करीन’ एवढी ओळ त्याच अर्जात लिहून टाकावी.